दमा कायमचा बरा का होत नाही? पंपाची सवय लागते का?

तुम्ही लिहिलंय की आई ५२ वर्षांच्या आहेत, घरी विड्या वळतात, निळा पंप (इनहेलर) मारला की पाच मिनिटांत मोकळं वाटतं आणि महिन्याला एक पंप संपतो. एवढी औषधं घेऊनही दमा मुळापासून का जात नाही आणि पंपाची सवय लागते का, असं तुम्ही विचारलंय. मी निपाणीत औषधाचं दुकान चालवतो. डॉक्टर नाही, पण महिन्याला एक पंप हे वाचून राहवलं नाही.

आधी मुळापासून न जाण्याबद्दल. टीबी बरा होतो, कारण तिथं जंतू असतो आणि सहा महिन्यांच्या औषधांनी तो मरतो. दम्यात मारायला असं काही नाही. धूळ, परागकण, थंड हवा, धूर अशा गोष्टींना इतरांची श्वासनलिका जेमतेम दाद देते. दमेकऱ्याची मात्र आतून सुजते, भोवतीचे स्नायू आवळतात आणि चिकट कफ धरतो. हा स्वभाव एका जनुकामुळं येत नाही, अनेक जनुकं आणि लहानपणापासूनची हवा मिळून तो घडतो. शिवाय एखाद्या गोष्टीशी वैर धरलं की प्रतिकारशक्ती ते सहसा विसरत नाही. औषध सूज उतरवतं, ती आठवण पुसत नाही. सूज वर्षानुवर्षं तशीच राहिली तर नळीची भिंतही जाड होते. त्यात दमा हा एकच आजार नाही. कुणाचा ॲलर्जीचा, कुणाचा कामाच्या ठिकाणचा, कुणाचा चाळिशीनंतर सुरू झालेला. सगळ्यांना लागू पडेल असं एकच औषध निघालं नाही त्याचं हेही एक कारण. २००३ पासून ओमॅलिझुमॅबसारखी महागडी इंजेक्शनं आली, तीव्र दम्यात त्यांचा मोठा उपयोग होतो. पण तीही चालू ठेवावी लागतात.

मृगाला हैदराबादला माशातलं औषध घ्यायला जाणारे आपल्याकडं कमी नाहीत. दमा आपोआप वरखाली होणारा आजार आहे. महिनाभर त्रास होतो, मग दोन महिने नसतो. त्या उताराच्या काळात जे शेवटचं घेतलं त्याला श्रेय मिळतं. मासा गिळून फार बिघडत नसेल, पण त्या भरवशावर पंप बंद केला तर बिघडतं. बिननावाच्या पुड्यांची मात्र मला खरी भीती वाटते. काहींत स्टिरॉइड मिसळलेलं असतं: आठवड्यात चमत्कार दिसतो, मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

आता तुमच्या आईंचा पंप. निळ्या पंपात साल्ब्युटामॉल असतं. ते आवळलेले स्नायू सैल करतं, सुजेला हात लावत नाही. एका पंपात साधारण २०० पफ असतात. महिन्यात संपतो म्हणजे दिवसाला सहा-सात. वर्षाला तीन किंवा जास्त पंप लागले तरी मोठ्या झटक्याचा धोका वाढतो आणि महिन्याला एक लागत असेल तर जिवाचाही, हे दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय. २०१९ पासून त्या सूचना सांगतात की नुसत्या निळ्या पंपावर मोठ्या माणसाला ठेवू नये. सूज उतरवणारं ब्युडेसोनाइडसारखं औषध सोबत हवंच. बहुतेकदा ते नळी बराच वेळ मोकळी ठेवणाऱ्या फॉर्मोटेरॉलबरोबर एकाच पंपात मिळतं. या आठवड्यात डॉक्टरांना तेवढं विचारा.

हे ब्युडेसोनाइड स्टिरॉइड आहे आणि स्टिरॉइड म्हटलं की लोक बिचकतात. झटका आल्यावर गोळीतून ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोलोन देतात. पंपातला एक पफ बहुतेकदा २०० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे ०.२ मिलिग्रॅम, आणि तोही थेट नळीत. त्याची नशा नाही, व्यसन नाही. चष्मा काढला की पुन्हा धूसर दिसतं, त्याला आपण चष्म्याचं व्यसन म्हणत नाही. घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायचं नाही; कमी करायचं तर डॉक्टर करतील.

घ्यायची पद्धतही तपासा. मी गिऱ्हाइकाला काउंटरवरच पंप ओढून दाखवायला सांगतो. बहुतेक जण आधी दाबतात, मग श्वास घेतात. औषध जिभेवर बसतं. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, सावकाश आत ओढायला लागतानाच दाबायचं, मग दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा. जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, घ्या; तो महाग नाही. रोटाकॅप, म्हणजे यंत्रातून ओढायच्या पुडीची कॅप्सूल, गोळी समजून पाण्याबरोबर गिळणारेही येतात.

विड्यांचं काम जरा बारकाईनं बघा. मांडीवर सूप, सुपात जर्दा, त्यावर वाकून तासन्‌तास पानात भरायचं आणि दोरा गुंडाळायचा; बारीक धूळ सरळ नाकात. चार दिवस पाहुण्यांकडं गेल्यावर त्रास कमी होतो का, हे वहीत लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. काम सोडा म्हणणं सोपं आहे, घर त्यावर चालत असेल तर मी कोण सांगणार. पण दारात, वाऱ्याला पाठ करून, नाकाला ओला रुमाल बांधून बसल्यानं थोडा तरी फरक पडेल. ऊसतोडीत फडात पाचट पेटतं तेव्हा खिडक्या बंद ठेवा. काँग्रेस गवत फुलायच्या आत उपटा, हातात मोजे घालून.

चुलीपुढं आयुष्य गेलं असेल तर हा दमा नसून सीओपीडी, म्हणजे धुरानं श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजारही असू शकतो, दोन्हींचे उपचार वेगळे. त्यासाठी एकदा स्पायरोमेट्री ही श्वासाची तपासणी करून घ्या: मशीनमध्ये फुंकायचं, औषध घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. दुसऱ्या वेळी फुंक १२ टक्के आणि २०० मिलिलिटरनं वाढली तर दम्याकडं बोट जातं.

आणि कधी बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळे दिसले, पंपानं फरक पडेना, तर आईंना बसतं ठेवा, स्पेसरमधून एकेक करत चार पफ द्या आणि गाडी काढा. अशा वेळी कोल्हापूरला न्यायचं की बेळगावला यावर घरात वाद होतो. आधी ऑक्सिजन आणि नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र) असलेला जवळचा दवाखाना गाठा. पुढं कुठं न्यायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील.