सिंकचं बटण सध्या विसर

भावा, डीजेचा कंट्रोलर घेतलास ते छान, पण पहिला महिनाभर सिंकला, म्हणजे दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणाऱ्या बटणाला, हात लावू नकोस. १२८ बीपीएमचं (मिनिटाला १२८ ठोके) गाणं वाजत असताना १२४चं हेडफोनच्या एका कानात घे, पिच फेडरने (वेग बदलणारी सरकपट्टी) त्याचा वेग साधारण सव्वातीन टक्के वाढव. दोन्ही गाण्यांची किक, म्हणजे बेस ड्रमचा ठोका, जुळली नाही तर घोडा दौडल्यासारखं टपाटप ऐकू येतं. मग जॉग व्हील (कंट्रोलरवरची गोल चकती) किंचित ढकल. नवं गाणं आत घेताना जुन्याचा बेस काप, नाहीतर नुसता चिखल होतो.

हळदीत मात्र हे गुंडाळून ठेव! बरीच कोळीगीतं सहाच्या ठेक्यात असतात, चारच्या ठेक्यावर बसतच नाहीत. मी एकदा बळंच बसवायला गेलो, तर नवरीची आत्या नाचता नाचता थांबून माझ्याकडेच बघत राहिली. तिथे गाणं संपू दे, सरळ पुढचं लाव.