पहिल्या गृहकर्जाच्या अर्जाआधी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

पुण्यात भाड्याने देण्यासाठी ५० लाखांचा फ्लॅट घ्यायचा आणि पुढच्याच महिन्यात बँकेकडे अर्ज करायचा, असे तू लिहिले आहेस. विचार चांगला आहे. मात्र अर्ज वर्षभर पुढे ढकलावास, असे मला मनापासून वाटते, कारण कर्जाची पात्रता अर्जाच्या आधीच्या महिन्यांतच बरीचशी ठरून गेलेली असते.

तुझ्या हातात ७०,००० रुपये पगार येतो. तुझे सगळे हप्ते मिळून या रकमेच्या साधारण निम्म्याच्या आत, म्हणजे ३५,००० रुपयांत बसावेत, असे बँक पाहील. व्याज साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षे धरली, तर एका लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो आणि ४० लाखांचा हप्ता ३४,७०० च्या घरात जातो, म्हणजे तू जेमतेम बसतोस. पण मोटारसायकलच्या ज्या ५,००० रुपयांच्या हप्त्याचा तू ओझरता उल्लेख केला आहेस, तो याच ३५,००० मधून वजा होतो आणि मिळणारे कर्ज जवळजवळ पावणेसहा लाखांनी कमी होते. ते कर्ज आधी फेड, हप्त्यावर नवा मोबाइल घेऊ नकोस आणि कुणाला जामीनही राहू नकोस, कारण जामिनाची नोंदसुद्धा तुझ्या क्रेडिट अहवालात, म्हणजे कर्जे आणि त्यांच्या फेडीच्या नोंदवहीत, येते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांचे कर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देता येते आणि तुझ्या घराच्या बाबतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी त्या किमतीत धरली जात नाही. म्हणजे स्वतःचे १० लाख, पुणे शहरातील सात टक्के मुद्रांक शुल्काचे साडेतीन लाख आणि नोंदणीचे ३०,००० रुपये, असे १३ लाख ८० हजार तुझ्या खात्यात असायला हवेत. त्यासाठी वैयक्तिक कर्ज काढलेस, तर त्याचाही हप्ता पात्रतेतून वजा होईल.

हा अहवाल ठेवणाऱ्या सिबिल या कंपनीचा, कर्जफेडीची शिस्त दाखवणारा गुणांक ३०० ते ९०० मध्ये असतो आणि ७५० च्या वर असला की बोलणी सोपी होतात. वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, तो आजच मागव आणि त्यात बंद केलेले एखादे खाते चालू दिसत असेल, तर लगेच तक्रार नोंदव.

भाड्यावर हप्ता निघेल, ही तुझी अपेक्षा मला सर्वांत अधिक काळजीची वाटते. वर्षाचे भाडे किमतीच्या तीन टक्के धरले, तर महिन्याला १२,५०० रुपये येतील. उरलेले २२,००० पगारातूनच जातील, आणि भाडेकरू नसलेल्या महिन्यात पूर्ण हप्ता तुलाच भरावा लागेल. म्हणून याच महिन्यापासून २२,००० रुपये वेगळ्या खात्यात टाकू लाग आणि घरखर्च सांभाळून ते जमते का, हे मला दिवाळीपर्यंत कळव.

तुझा,
काका