तुमचे प्रश्न : शनिवार रात्रीचा बेस

हौशी बँडमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी प्रश्न पाठवावेत, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते आहे. दिवसा मी ठाण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. शनिवार-रविवारी दोन ठिकाणी बेस वाजवते. एक जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, दुसरा इंग्रजी गाणी करणारा चौघांचा बँड. जे सांगते आहे ते तिथलंच.

कॉलेजच्या बँडमध्ये मी गिटार वाजवतो. दोन गिटारवाले झाले म्हणून मला ‘तू बेस घे’ म्हणाले. बाजूला सारल्यासारखं वाटतंय. आणि घ्यायचाच तर चार तारांचा की पाच?
*— वाचक, वय १९, नाशिक*

वाईट वाटणं साहजिक आहे. पण निर्णय घेण्याआधी पुढच्या तालमीत एक गोष्ट करून बघ. एकच गाणं आधी बेसशिवाय आणि मग बेससकट वाजवा, रेकॉर्ड करा आणि सगळ्यांनी हेडफोन लावून ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, तो खालचे सूर ऐकवतच नाही. मग दुसरा प्रयोग. गिटारवाल्याला सी मेजर कॉर्ड धरून ठेवायला सांग आणि तू खाली ए वाजव. त्याने बोटही हलवलेलं नसतं, पण ऐकणाऱ्याला आता ए मायनर सेव्हन्थ ऐकू येतो. गाण्याचा रंग कोणाच्या हातात आहे, हे तुला तिथेच कळेल.

अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस हा इलेक्ट्रिक बेस गिटार बाजारात आणला, तोवर हे काम माणसाएवढ्या उंच डबल बेसवर चालायचं. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वादकांत टोनी वाझ बेस वाजवत. त्या काळची गाणी हेडफोनवर फक्त बेसकडे लक्ष ठेवून ऐक, महिनाभर तोच तुझा क्लास. आणि मुंबईच्या मोहिनी डे हिचं वाजवणं बघ. ते पाहिल्यावर बेस हे मागे उभं राहायचं वाद्य आहे असं तू म्हणणार नाहीस.

तारा चारच घे. ई, ए, डी, जी, एवढ्यात कॉलेजच्या बँडचं सगळं काम होतं. नेहमीच्या बेसची तार ३४ इंचांची असते. हात लहान असेल तर ३० इंचांचा शॉर्ट स्केल बघ, त्यात काही कमीपणा नाही. नवा स्वस्त बेस घेण्यापेक्षा चांगल्या कंपनीचा जुना घे. घेताना जाडी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या रेघांवर) एकाच वेळी दाबून मधे किती फट राहते ते पाहा. जेमतेम कागद जाईल एवढी हवी. फट खूप असेल तर मान वाकली आहे. ती ट्रस रॉडने (मानेच्या आतल्या लोखंडी सळईने) सरळ होते की नाही, हे जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस. मुंबईला आलास तर धोबी तलावच्या दुकानांत तासभर बसून हाताला काय बसतं ते बघ.

आमच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस वाजवतो. मालक म्हणतात, वेगळा माणूस कशाला? शिवाय गायक ऐनवेळी पट्टी बदलतात. कीबोर्डवाला एक बटण दाबतो आणि मोकळा होतो. मी काय करू?
*— वाचक, कोल्हापूर*

पट्टीचं आधी, कारण मालकांचा प्रश्न पुष्कळदा तिथेच सुटतो.

आपल्या ऑर्केस्ट्रात कोणी ‘डी शार्प’ म्हणत नाही, ‘काळी दोन’ म्हणतात, म्हणजे हार्मोनियमची दुसरी काळी पट्टी. म्हणून बेसच्या तारासुद्धा त्याच भाषेत डोक्यात बसवा. जाड तारेकडून बारीक तारेकडे : पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. आता काळी दोनचा सा दुसऱ्या जाड तारेवर सहाव्या फ्रेटला येतो. तिथे बोट ठेवा. त्याच फ्रेटवर वरच्या बाजूच्या जाड तारेवर मंद्र पंचम आहे आणि खालच्या बाजूच्या बारीक तारेवर मध्यम आहे. सा, प, म, तिन्ही एका रेषेत. जुन्या गाण्यांतला बेसचा मोठा भाग या तीन जागांवर उभा असतो. गायिका म्हणाली ‘आज घसा बसलाय, काळी एक घ्या’, तर अख्खा हात दोन फ्रेट मागे, चौथ्यावर. बोटांची चाल तीच राहते.

यासाठी एक सवय लागते. मोकळ्या तारेवर अवलंबून असलेल्या चाली सोडायच्या. पांढरी तीनमध्ये मोकळी तार फार गोड वाटते, पण पट्टी अर्धा सूर उतरली की ती चाल हातातून जाते. मी घरी प्रत्येक गाणं तीन पट्ट्यांत वाजवून बघते आणि वहीत गाण्यापुढे पुरुष आवाजाची आणि स्त्री आवाजाची पट्टी वेगवेगळी लिहिते. काळी दोनचा अगदी खालचा सा चार तारांच्या बेसवर मिळत नाही, तिथे पाचवी तार उपयोगी पडते. ऑर्केस्ट्रातच रमणार असाल तर तुमचा दुसरा बेस पाच तारांचा असू द्या.

आता मालक. डाव्या हाताचा बेस वाईट असतो असं मी म्हणणार नाही, काही कीबोर्डवाले तो फार सुंदर वाजवतात. पण अंतऱ्याआधीच्या म्युझिक पीसमध्ये व्हायोलिन आणि अकॉर्डियन दोन्ही एकट्या कीबोर्डवर आले, की डावा हात उचलावा लागतो आणि नेमका तिथे खालचा सूर गायब होतो. मालकांशी वाद घालू नका. असे पीस असलेली चार-पाच गाणी निवडा, कीबोर्डवाल्याला विश्वासात घ्या आणि तालमीत ती दोघांनी मिळून वाजवून दाखवा. त्याचा डावा हात सुटला की तो स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिनसारखे लांब सूर, भरू शकतो, म्हणजे फायदा त्याचाही आहे. आमच्या ऑर्केस्ट्रात माझी बाजू आमच्या कीबोर्डवाल्या काकांनीच घेतली होती.

ढोलकीच्या गाण्यांत मात्र कमी वाजवा. ढोलकीची धुमाची बाजू आणि बेस जवळपास एकाच जागेत बोलतात. केरव्याच्या आठ मात्रांत पहिलीवर सा आणि पाचवीवर पंचम एवढंच धरलं, सूर लांबवले नाहीत, तर ढोलकीवाल्याला मोकळं मैदान मिळतं. लावणीला तेच शोभतं.

मंगल कार्यालयात किंवा मंडपात माझा बेस नुसता घुमतो. सूर कळत नाही. साउंडवाला मला बारीक करतो, मग मलाच ऐकू येत नाही.
*— वाचक, पनवेल*

हा प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांत होता.

मोकळ्या ई तारेचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा. त्याची एक लाट हवेत आठ मीटरहून लांब असते. टाइल्सची जमीन, गुळगुळीत भिंती आणि पत्र्याचं छत असलेल्या हॉलमध्ये ती लाट आपटून परत येते आणि स्वतःवरच चढते. कोपऱ्यात बसलेल्याला गडगडाट ऐकू येतो, मधल्या खुर्चीवरच्याला काहीच नाही. म्हणजे तुमचा हात बरोबर असूनही असं होऊ शकतं. स्टेजवर उभं राहून अंदाज करू नका. साउंड चेकला लांब केबल लावून किंवा मित्राच्या हातात बेस देऊन हॉलभर चालून या.

मग अँपवरचा (ॲम्प्लिफायरवरचा) ‘बेस’ लिहिलेला नॉब कमी करा. घरी एकट्याने वाजवताना तो वाढवलेला छान वाटतो, बँडमध्ये तोच चिखल करतो. ४० हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरने काढून टाकायला साउंडवाल्याला सांगा, त्या पट्ट्यात तुमच्या कामाचं फारसं नसतं. त्याऐवजी ७०० ते १००० हर्ट्झच्या आसपास थोडं वाढवा. एकट्याने ऐकताना आवाज नाकातून आल्यासारखा वाटेल, पण ड्रम आणि कीबोर्ड सुरू झाले की प्रत्येक सूर वेगळा कळेल. आणि नोट थांबवायला शिका. उजव्या हाताचं बोट जितकं महत्त्वाचं, तितकाच सूर बंद करणारा डावा हात महत्त्वाचा आहे. घुमणाऱ्या हॉलमध्ये मी प्रत्येक सूर नेहमीपेक्षा आखूड वाजवते.

स्वतःचा डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल साउंडवाल्याच्या मिक्सरला जुळेल असा करून देणारी छोटी डबी) बॅगेत ठेवाच. साउंडवाल्याला बरोबर सिग्नल मिळाला की तो तुम्हाला बारीक करत नाही. त्याच्याशी नीट बोला, त्याचं नाव विचारा, चहा एकत्र घ्या. दुपारपासून वायरी ओढून दमलेला असतो तो. अँप खुर्चीवर किंवा पेटीवर, कानाच्या दिशेने तिरका ठेवा. जमिनीवर ठेवला तर तुमचे गुडघेच ऐकतात.

घरघर येत असेल तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका. मंडपात जनरेटरवर अर्थिंग नसेल आणि तुम्ही तारांना हात लावून माइकवर कोरस गायला गेलात, तर ओठाला झटका बसतो, तो जिवावरही बेतू शकतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय वाजवायला उभं राहू नका, आयोजक कितीही घाई करोत.

बेस ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटचा) असेल तर आतली ९ व्होल्टची बॅटरी केबल खोचलेली असेपर्यंत खर्च होत राहते. मध्यंतरात केबल काढा. एक नवी बॅटरी कायम बॅगेत हवी.

माझे मिस्टर ४४ वर्षांचे आहेत, बँडमध्ये बेस वाजवतात. गणपतीपासून थर्टीफर्स्टपर्यंत एकही शनिवार घरी नसतात. मिळतं ते टेम्पो आणि जेवणात जातं. मी बोलले की ‘माझी हौस आहे’ म्हणतात. चुकतंय का माझं?
*— वाचक, कल्याण*

ताई, तुमचं चुकत नाही. मीही रात्री उशिरा घरी येते. नियमाप्रमाणे लाउडस्पीकर रात्री १० ला बंद होतो, सणाच्या काही ठरावीक दिवशी १२ पर्यंत सवलत असते, पण शेवटच्या गाण्यानंतर वायरी गुंडाळणं, टेम्पो भरणं, पाकिटाची वाट बघणं यात दीड-दोन तास सहज जातात. त्या वेळेत घरी कोणीतरी दार उघडायला जागं असतं. ते जागणं त्यांच्या हौसेच्या हिशेबात धरलं गेलं पाहिजे.

आमच्या घरात कॅलेंडर स्वयंपाकघरात लावलेलं असतं. सुपारी घेण्याआधी मी त्यावर बघते. मुलाची परीक्षा, सासूबाईंची डॉक्टरांची तारीख, लग्नकार्यं आधी लिहिलेली असतात. त्या दिवशी बँडला नाही म्हणायचं, आणि ते आधीच म्हणायचं, म्हणजे त्यांना बदली माणूस शोधता येतो. महिन्यातला एक शनिवार कोऱ्या चौकटीसारखा मोकळा ठेवायचा, त्यावर कोणाचाच हक्क नाही. पैशाचं म्हणाल तर हौशी बँडमध्ये ते फारसे उरत नाहीत, हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. पण तारा, टेम्पो, तालमीच्या जागेचं भाडं हे मिळालेल्या मानधनातूनच जावं, घरखर्चातून नाही, एवढं मागायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आणि एक विनंती. वर्षातून एकदा त्यांचा कार्यक्रम समोर बसून ऐका. त्यांनीही तुम्हाला स्वतःहून बोलवायला हवं, चांगल्या खुर्चीवर बसवायला हवं. हे पत्र त्यांना वाचायला द्या.

बोटांनी वाजवावं की पिकने (तार छेडायच्या छोट्या तुकड्याने)?
*— वाचक, मडगाव*

दोन्ही शिका. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने वाजवत, लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत कॅरल के पिकने. दोघांच्या बेसवर जग नाचलं. गाणं मागेल ते द्या.

तालमीनंतर कानात शिट्टी वाजते. काळजी करावी का?
*— वाचक, पुणे*

हो, आजपासूनच करा. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची सुरक्षित मर्यादा धरली जाते आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. छोट्या खोलीत ड्रमशेजारी उभं राहिलं की एवढा आवाज सहज होतो. वादकांसाठीचे इअरप्लग घ्या. ते सगळे सूर सारखेच कमी करतात, कापसासारखा बोळा होत नाही. झांजांपासून लांब उभे राहा. शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या.

पावसाळ्यात माझ्या बेसच्या तारा उंच होतात आणि गंजतात. काय करावं?
*— वाचक, रत्नागिरी*

लाकूड दमट हवा पितं आणि मान पुढे वाकते, म्हणून तारा वर येतात. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. फिरवल्यावर दिवसभर थांबा, मग परत मोजा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि गुलाबी झाल्या की बदला. वाजवून झालं की तारा वरून आणि खालूनही सुती फडक्याने पुसा. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, कोकणात त्या भिंती आतून ओल्या असतात. फ्लॅटवाउंड (वरून सपाट गुंडाळीच्या) तारा महाग असतात पण गंजायला वेळ लावतात आणि जुन्या गाण्यांना त्यांचा आवाज फार चांगला जातो. गणपतीच्या पंधरा दिवस आधी नवा संच चढवा, म्हणजे पहिल्या कार्यक्रमापर्यंत तारा ताणून बसलेल्या असतील.