७५ टक्के चेंडू ताब्यात असूनही संघ हरतो कसा?

तुमचा प्रश्न असा आहे की २०२२ च्या विश्वचषकात मोरोक्कोविरुद्ध साधारण तीन चतुर्थांश वेळ बॉल स्पेनकडे होता, तरी स्पेन बाहेर गेला. मग पझेशनच्या टक्क्याला अर्थ काय? अर्थ आहे, फक्त तो वर्चस्वाचा पुरावा नाही.

आधी हा आकडा येतो कुठून ते बघा. फुटबॉलची आकडेवारी जमवणारी कंपनी ऑप्टा तो पासवरून काढते: सामन्यातल्या एकूण पासपैकी तुमच्या संघाचे किती. म्हणजे दोन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) मध्यरेषेजवळ एकमेकांना बॉल देत बसले तरी टक्का चढत राहतो. फिफाने त्या विश्वचषकात तिसरा भागही दाखवला, बॉल धड कुणाच्याच ताब्यात नसतानाचा. त्यामुळे एकाच सामन्याचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर गोंधळू नका.

आता तो ६ डिसेंबरचा सामना. स्पेनने १२० मिनिटांत हजारावर पास खेळले. गोलवर नेमके गेलेले फटके मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत. मोरोक्कोने स्पेनचे सेंटर-बॅक रोद्री आणि लापोर्त यांना बॉल खुशाल घेऊ दिला. त्यांच्यावर धावून जायच्या भानगडीत न पडता मधल्या फळीतल्या बुस्केट्सकडे जाणारी वाट तेवढी अडवली. मागे मोरोक्कोचा मिडफिल्डर अमराबात होताच. मग बॉल डाव्या फुलबॅककडून (कडेच्या बचावपटूकडून) सेंटर-बॅककडे, तिथून उजव्या फुलबॅककडे आणि परत, असा घोड्याच्या नालेसारखा बाहेरून फिरत राहिला. आत शिरलाच नाही. स्पेनचा विंगर (कडेने चढाई करणारा) निको विल्यम्स बदली म्हणून आला तेव्हा कुठे कुणीतरी फुलबॅकच्या अंगावर बॉल घेऊन जाताना दिसलं. शेवटच्या क्षणी सराबियाचा फटका पोस्टला लागला, आणि शूटआऊटमध्ये स्पेनच्या तिन्ही पेनल्टी वाया. प्रशिक्षक लुईस एन्रिकेंनी खेळाडूंना हजार पेनल्टी मारायचा गृहपाठ दिला होता म्हणे!

त्याच्या पाच दिवस आधी जपानने १८ टक्क्यांहूनही कमी ताबा ठेवून याच स्पेनला २–१ हरवलं होतं. मध्यांतरानंतरचा पहिला गोल परत बघा. स्पेनचा गोलकीपर उनाई सिमोन मागूनच खेळायचा हट्ट धरतो, जपानचे खेळाडू अंगावर येतात, स्पेनच्या बाल्देकडे गेलेला बॉल जपानचा इतो उचलतो आणि दोआन ठोकतो. तो गोल खरं तर स्पेनच्या पझेशनमधूनच आला.

पण म्हणून ताबा ठेवणं फुकट, असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. २०१० मध्ये स्पेन जगज्जेता झाला तो सात सामन्यांत अवघे आठ गोल करून. बाद फेरीतले चारही सामने १–० ने जिंकले आणि अख्ख्या स्पर्धेत दोनच गोल खाल्ले. तिथे पझेशन हा मुळात बचाव होता: बॉल आमच्याकडे, तुम्ही धावा. लोक त्याला आक्रमक फुटबॉल म्हणून डोक्यावर घेतात, याची मला गंमत वाटते.

आक्रमणासाठी बॉल ठेवायचा तर समोरच्या बचावफळीला जागा सोडायला लावावी लागते. त्याचं साधं हत्यार म्हणजे तिसरा माणूस. बॉल मार्क झालेल्या (प्रतिस्पर्धी चिकटून असलेल्या) खेळाडूकडे द्यायचा, त्याने एका टचमध्ये मागे ठेवायचा आणि गोलकडे तोंड करून येणाऱ्या तिसऱ्याने तो पुढे न्यायचा. पहिले दोन पास आमिष असतात. दुसरं हत्यार म्हणजे एका बाजूला गर्दी जमवून दुसऱ्या बाजूचा विंगर मोकळा ठेवणं.

युरो २०२४ या युरोपीय देशांच्या स्पर्धेतल्या स्पेन-इंग्लंड अंतिम सामन्यातला ४७ व्या मिनिटाचा गोल हे त्याचं उत्तम उदाहरण. स्पेनचा कार्वाहाल पायाच्या बाहेरच्या बाजूने बॉल यामालला देतो, यामाल उजवीकडून आत कापतो. इंग्लंडची फळी त्याच्याकडे आणि मधल्या धावांकडे सरकते. डावीकडे निको विल्यम्स मोकळा, आणि पहिल्याच टचवर बॉल लांबच्या कोपऱ्यात. दोन वर्षांपूर्वी बाकावरून उठून आलेला हाच पोरगा. त्या स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात तर क्रोएशियाकडे स्पेनपेक्षा जास्त बॉल होता. २००८ च्या युरो फायनलनंतर स्पर्धात्मक सामन्यात स्पेनच्या बाबतीत असं प्रथमच घडलं. निकाल? स्पेन ३–०.

आपल्याकडे पाहायचं तर प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांच्या काळातला एफसी गोवा आठवा. लोबेरा बार्सिलोनात तिथले प्रशिक्षक तितो व्हिलानोव्हांच्या स्टाफमध्ये होते, त्यामुळे छोटे पास आलेच. पण त्या पासना शेवटी गिऱ्हाईक होतं: स्ट्रायकर कोरोमिनास, सलग दोन हंगाम आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचा मान.

तेव्हा पुढचा सामना बघताना वीसेक मिनिटं बॉलकडे बघूच नका. बॉल नसलेल्या संघाच्या सेंटर-बॅककडे बघा. ते किती वेळा वळून स्वतःच्या गोलकडे धावतात? ताबा ६० टक्के असो की ७५, ते उभ्या उभ्या नुसते डावीकडे-उजवीकडे सरकत असतील तर बॉल नसलेल्याच संघाचा बेत जमलेला असतो.