मागचे गिअर बदलू का, काका?

प्रश्न : काका, माझी 1970 ची शेवरले शेव्हेल आहे, 350 इंजिन, टीएच350 ऑटोमॅटिक (तीन गिअरचा बॉक्स), मागे 12 बोल्टचा एक्सल आणि त्यात 2.73 चे गिअर (म्हणजे चाक एकदा फिरायला ड्राइव्हशाफ्ट 2.73 वेळा फिरतो). टायर 235/60, 15 इंची. रोज एडिसनहून टर्नपाइकने ऑफिस, जाऊन येऊन 50 मैल. सिग्नलवरून सुटताना गाडी फार आळशी वाटते. मित्र म्हणतात डोळे मिटून 4.10 टाक. टाकू का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : ते मित्र रोज 50 मैल तुझ्या शेजारी बसणारेत का, ते आधी विचार त्यांना. मीपण तरुणपणी माझ्या शेवरले नोव्हात 4.10 टाकले होते, तीनच गिअरचा बॉक्स, सिग्नलवरून गाडी अशी उडायची की विचारू नका, पण हायवेला लागलो की रेडिओ ऐकू यायचा नाही, शेवटी बायको म्हणाली ही गाडी आहे की पिठाची गिरणी, आणि पुढच्या उन्हाळ्यात गुपचूप काढून टाकले.

हिशोब सोपा आहे. ताशी मैल गुणिले रेशो गुणिले 336, भागिले टायरची उंची इंचांत, की आरपीएम आला. तुझा टायर साधारण 26 इंच भरतो. 65 च्या स्पीडला 2.73 वर इंजिन 2,300 च्या आसपास फिरतं, 3.31 वर 2,780, 3.73 वर 3,130 आणि 4.10 वर जवळजवळ 3,450, वर टॉर्क कन्व्हर्टरची (ऑटोमॅटिकमधल्या तेलावरच्या जोडणीची) स्लिप धरून आणखी शे-दीडशे. टीएच350 ला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेला इंजिन हळू फिरू देणारा वरचा गिअर, नाही, तिसरा गिअर म्हणजे सरळ एकास एक, त्यामुळे ही घरघर रोजची आणि गॅसचं, म्हणजे पेट्रोलचं, बिलही रोजचं.

म्हणून माझं मत 3.31. सुटताना ओढ एकवीस टक्क्यांनी वाढते, ते पार्श्वभागाला लगेच कळतं, आणि टर्नपाइकवर गप्पा मारता येतात. गॅसचा फार जीव जळत असेल तर 3.08. 3.73 चीच हौस असेल तर आधी 700आर4 हा चार गिअरचा ऑटोमॅटिक बसव, त्याचा चौथा गिअर 0.70 चा आहे, मग 65 ला 2,200 च पडतात, म्हणजे आत्तापेक्षाही शांत, आणि पहिला 3.06 चा असल्याने सुटतेही जोरात. फक्त खर्च दुप्पट-तिप्पट होतो, मग बायकोला तूच समजाव.

पैसे द्यायच्या आधी एक बघ. 12 बोल्टमध्ये 2.73 चा कॅरिअर (क्राउन गिअर ज्यावर बसतो तो भाग) वेगळा, 3.08 ते 3.73 चा वेगळा, नुसती क्राउन-पिनियनची (मोठ्या आणि छोट्या दातेरी गिअरची) जोडी आणून भागणार नाही, कॅरिअरही घ्यावा लागेल. कॅरिअर घेतोच आहेस तर पॉझी, म्हणजे दोन्ही चाकांना ओढ देणारा, घे. आणि स्पीडोमीटरचा छोटा प्लास्टिकचा गिअर बदलायला विसरू नकोस, नाहीतर खऱ्या 60 ला काटा 73 दाखवेल.

आत खरंच 2.73 आहेत का हेही तपास. मागची बाजू उचलून जॅकस्टँडवर ठेव, गिअर न्यूट्रलला, ड्राइव्हशाफ्टवर खडूची रेघ मार. साधा डिफरन्शियल असेल तर एक चाक धरून दुसरं दोनदा पूर्ण फिरव आणि शाफ्ट किती फिरला ते मोज. पावणेतीनला जरा कमी भरला तर 2.73. पन्नास वर्षांत कोणी काय काय बदललंय ते देवालाच माहीत.

प्रश्न : नवे गिअर बसवून आठवडा झाला. पाय काढला की मागून ऊंऽऽ आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो चालवत राहा, घासून बसतील. (आणखी एक वाचक)

उत्तर : नाही बसणार. क्राउन आणि पिनियन कारखान्यातच जोडीने घासून येतात, आवाज येतोय म्हणजे बहुतेक पिनियनची शिम (अंतर नीट करणारी पातळ चकती) चुकलीय. कव्हर उघडून दातांना पिवळा रंग लावायला सांग आणि ठसा स्वतः बघ. ठसा दाताच्या मधोमध हवा, टोकाला किंवा मुळाशी असेल तर काम परत करायला लाव. तोवर लांबचा प्रवास नको.