दहा हजार किलोमीटर ‘किंवा’ एक वर्ष

“गाडी 10,000 किलोमीटर चाललीच नव्हती, मग ऑइल बदलायचा प्रश्न येतो कुठे?” असं साताऱ्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे. या धर्तीची पत्रं मला सारखी येतात. यांची पेट्रोल गाडी 2 वर्षं 4 महिन्यांची, रनिंग 8,600. ऑइल शेवटचं बदललं ते चौथ्या महिन्यात. इंजिन जाम झालं, वर्कशॉपने 1,38,000 रुपयांचं एस्टिमेट दिलं आणि वॉरंटी ईमेलने नाकारली.

साहेब, सर्व्हिस बुकातली ओळ तुम्ही अर्धीच वाचलीत. पुढे ‘किंवा 1 वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते’ असं आहे. मंडई, बँक, नातवाची शाळा अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन धड तापतच नाही. ऑइलमध्ये ओल आणि न जळलेलं पेट्रोल साचत जातं. ‘गाडी कमी चालवली’ हा बचाव तुमच्यावरच उलटेल. तो सोडा.

घोडं अडलंय ते वॉरंटीतल्या एका शब्दावर. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ‘नियतकालिक सर्व्हिस न केल्यामुळे झालेला बिघाड’ वगळला आहे. न केल्यामुळे! सर्व्हिस चुकली की वॉरंटी रद्द, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. आणि कंपनीने नकार दिला तो नुसतं सर्व्हिस रेकॉर्ड पाहून. इंजिन अजून उघडलेलंच नाही. बिघाड जुन्या ऑइलमुळे झाला हे कंपनीनेच दाखवावं, असा माझा युक्तिवाद राहील. ग्राहक आयोगाला तो पटेलच, याची हमी देत नाही.

म्हणून एस्टिमेटवर सही करू नका. आजच लेखी कळवा: इंजिन माझ्यासमक्ष उघडा, ऑइलचा नमुना दोघांच्या सह्यांनी सील करा, काढलेला एकही भाग भंगारात टाकू नका. ओळखीचा जाणता मेकॅनिक सोबत न्या. चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवल्यावर काकवीसारखा काळा गाळ निघाला आणि ऑइल गाळणारी जाळी चोंदलेली दिसली, तर कोर्टाचा नाद सोडून बिलात सूट मागा. ऑइल बऱ्यापैकी पातळ आणि ऑइलचा पंपच तुटलेला निघाला, तर केस उभी राहते.

‘किटलीचा लाल दिवा लागला होता, पण घर चारच किलोमीटरवर होतं’ हे तुम्ही सहज लिहून गेलात. हा दिवा म्हणजे ऑइलचं प्रेशर पडल्याचा इशारा, गाडी तिथेच थांबवायची असते. काय म्हणावं! आता ते लपवू मात्र नका. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये त्याची नोंद असू शकते.

नकार येऊन सात महिने झाले आणि तुम्ही अजून कस्टमर केअरला फोनच करताय. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे मुदत 2 वर्षांची, आणि स्मरणपत्रं पाठवून ती वाढत नाही. तक्रार साताऱ्याच्याच जिल्हा आयोगात करता येईल. कायदा म्हणतो निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वर्षं मोजायची तयारी ठेवा. विम्यातून फारसं काही निघेल असं वाटत नाही. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो.

मधे एकदा एसीसाठी गाडी त्याच वर्कशॉपला नेली होतीत ना? ते जॉबकार्ड, म्हणजे वर्कशॉपने दिलेला कामाचा कागद, शोधा. त्यावर ‘ऑइल बदलणे आवश्यक’ असा शेरा आणि खाली तुमची सही असेल, तर प्रकरण जड आहे. शेरा नसेल, तर गाडी हातात असूनही वर्कशॉपने सांगितलं नाही, हा सेवेतल्या त्रुटीचा मुद्दा कंपनीला पाठवायच्या नोटिशीत घालता येईल. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, मग मसुदा करू.