वाचकांचे प्रश्न : अमिकासिनचं इंजेक्शन आणि ‘नॉर्मल’ क्रिएटिनिन

प्रश्न : डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. माझ्या वडिलांना (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) गेल्या आठवड्यात हुडहुडी भरून ताप आला. वय ६८, वजन ५० किलो, प्रोस्टेटचा त्रास जुना. तीन दिवस हॉस्पिटलात ठेवलं होतं. लघवीच्या कल्चरमध्ये ‘ई. कोलाय, ईएसबीएल’ आलं आणि अमिकासिन हे अँटिबायोटिक ७५० मिलिग्रॅम रोज एकदा, एकूण सात दिवस, असं लिहून दिलं. ताप उतरल्यावर घरी सोडलं. आता गल्लीतल्या सिस्टर येऊन इंजेक्शन देतात. क्रिएटिनिन भरती झालो त्या दिवशी १.० होतं, रिपोर्टवर नॉर्मल आहे. माझ्या शंका अशा : ७५० एकदम फार वाटतं, सकाळ-संध्याकाळ अर्धं-अर्धं दिलं तर? ताप गेलाय, मग उरलेली इंजेक्शनं सोडली तर चालतील का? शेजारच्या काकांना टीबीच्या सुया घेतल्यापासून ऐकू येत नाही, तसं अण्णांचं होणार नाही ना? आणि गुडघेदुखीसाठी अण्णा डायक्लोफिनॅक घेतात, ते चालू ठेवू का? — एक मुलगी, बार्शी

उत्तर : तुमचा मेल आला त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला, कारण अंक छापून होईपर्यंत थांबण्यासारखं हे नव्हतं. तेव्हा जे बोललो ते इथे सविस्तर लिहिते. हे इंजेक्शन आपल्याकडे घरोघरी, छोट्या दवाखान्यांत रोज दिलं जातं आणि तुमच्या चार शंका पुष्कळांच्या मनात असणार.

तुम्ही विचारलंच नाही त्या गोष्टीपासून सुरुवात करते. रिपोर्टवरचं १.० हे ‘नॉर्मल’ अण्णांसाठी नॉर्मल नाही. क्रिएटिनिन हा स्नायूंतून तयार होणारा कचरा, किडनी तो रक्तातून बाहेर टाकते. उतारवयात, कृश शरीरात स्नायूच कमी, त्यामुळे किडनी मंदावलेली असली तरी आकडा वर जात नाही. म्हणून किडनी प्रत्यक्षात किती काम करते ते काढायला आम्ही एक साधं गणित करतो : १४० मधून वय वजा करायचं, उरलेल्याला वजनाने गुणायचं आणि ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागायचं. बाईमाणूस असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणायचं. अण्णांचं गणित करून पाहा. १४० वजा ६८ म्हणजे ७२, गुणिले ५०, भागिले ७२. उत्तर ५०. तेच १.० क्रिएटिनिन तीस वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या मुलाचं असतं तर उत्तर १०७ च्या आसपास आलं असतं. रिपोर्ट दोघांचा सारखाच दिसतो, पण अण्णांची किडनी त्या मुलाच्या निम्म्यानेसुद्धा काम करत नाही.

अमिकासिनच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. हे औषध शरीरात मोडत नाही, जवळजवळ सगळंच्या सगळं जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं. किडनी धडधाकट असेल तर दर दोन-अडीच तासांनी रक्तातलं प्रमाण निम्मं होत जातं आणि दुसऱ्या दिवशीच्या इंजेक्शनपर्यंत रक्त जवळपास रिकामं होतं. किडनी मंद असेल तर जुनं उरतं, त्यावर नवं चढतं. किलोला १५ मिलिग्रॅम हा हिशेब पुस्तकातला आहे, ५० किलोला ७५० बरोबरच येतो. पण तो निरोगी किडनीसाठी. गणिताचं उत्तर ५० आलं की एक तर डोस कमी करतात, नाही तर २४ तासांऐवजी ३६ तासांनी देतात. त्यातून अण्णांना ताप येऊन गेलेला, चार दिवस जेवण-पाणी नीट नाही, वर डायक्लोफिनॅक. भरतीच्या दिवसानंतर क्रिएटिनिन पुन्हा केलेलं नव्हतं, म्हणून मी आग्रह धरला की पुढच्या इंजेक्शनआधी ते करा आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा. ते १.३ आलं. गणिताचं उत्तर ५० वरून ३८ वर घसरलं. डॉक्टरांनी अमिकासिन तिथेच थांबवून उरलेल्या दिवसांसाठी अर्टापेनेम हे दुसरं अँटिबायोटिक लिहून दिलं, हे तुम्ही कळवलंत. निर्णय उत्तम होता आणि वेळेवर झाला.

मग मुळात अमिकासिन दिलंच कशाला, असं मनात आणू नका. ईएसबीएल म्हणजे या जंतूंकडे सेफ्ट्रियाक्सोनसारखी औषधं तोडणारं रसायन असतं. अमिकासिन वेगळ्याच ठिकाणी घाव घालतं, जंतूचं प्रथिन बनवण्याचं कामच बिघडवतं, त्यामुळे ते रसायन इथे निरुपयोगी ठरतं. शिवाय ते किडनीत आणि लघवीत भरपूर साठतं, म्हणजे लघवीच्या संसर्गात हवं तिथे पोचतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत अमिकासिन पहिल्या, सहज वापरण्याच्या गटात आहे, तर मेरोपेनेम (अर्टापेनेमच्याच कुळातलं) जपून वापरायच्या गटात. प्रत्येकाला मेरोपेनेमच द्यायचं ठरवलं तर पुढे तेही चालेनासं होईल. डॉक्टरांची निवड योग्य होती, मधला रिपोर्ट तेवढा राहून गेला होता.

आता अर्ध्या-अर्ध्या डोसबद्दल. कमी कमी दिलं तर त्रास कमी, असं कुणालाही वाटेल, पण या औषधाचं वागणं उलटं आहे. रक्तातलं प्रमाण एकदा उंच गेलं की जंतू झपाट्याने मरतात आणि प्रमाण उतरल्यावरही काही तास उरलेले जंतू डोकं वर काढत नाहीत. याउलट किडनीच्या पेशी औषध आत ओढतात ते ठरावीक वेगानेच. एकदम जास्त आलं तरी त्या प्रमाणात जास्त ओढत नाहीत, पण थोडं थोडं दिवसभर रक्तात राहिलं तर दिवसभर ओढत राहतात. म्हणजे दोन वेळा अर्धं देऊन जंतूंवरचा घाव हलका होतो आणि किडनीवरचा भार वाढतो. बदल करायचा तर तो डॉक्टरांनी गणित करून करायचा. आपण घरी वाटणी करायची नाही.

डोसविषयी आणखी एक, आणि ही गोष्ट सिस्टरांनाही वाचून दाखवा. अमिकासिनच्या बाटल्या १००, २५० आणि ५०० मिलिग्रॅमच्या येतात आणि तिन्हींत औषध असतं २ मिलीच. दिसायला सारख्या. ५०० च्या बाटलीतून ७५० मिलिग्रॅम घ्यायचं तर ३ मिली. हेच ‘तीन मिली’ कुणी लक्षात ठेवलं आणि दुकानातून १०० ची बाटली आली, तर रुग्णाला मिळालं फक्त १५० मिलिग्रॅम. उलटी चूक झाली तर पाचपट. म्हणून कागदावर आणि बोलताना मिलिग्रॅमच म्हणायचं आणि फोडण्याआधी बाटलीवरचा आकडा घरातल्या एकाने मोठ्याने वाचायचा. शिरेतून देताना ते १०० मिली सलाइनमध्ये मिसळून अर्ध्या ते एका तासात जाऊ द्यावं, घाईने ढकलू नये. दुसरं कुठलंही अँटिबायोटिक त्याच सिरिंजमध्ये किंवा त्याच बाटलीत मिसळू नये. पेनिसिलीन आणि सेफ्ट्रियाक्सोनच्या कुळातली औषधं अमिकासिनला निकामी करतात. रुग्णाला दम्याचा त्रास असेल तर तेही आधी सांगायचं, कारण या इंजेक्शनात टिकण्यासाठी सोडियम मेटाबायसल्फाइट घातलेलं असतं आणि काही दमेकऱ्यांना ते सोसत नाही.

डायक्लोफिनॅक बंद. यात मला किंतु नाही. अमिकासिन चालू असताना आणि किडनी पूर्वपदावर येईपर्यंत डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफिनॅक यांतलं काहीच नको. ही औषधं किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, शेक, मलम. लघवी वाढवणारी गोळी, विशेषतः लॅसिक्स, किंवा बीपीची गोळी चालू असेल तर मनाने थांबवू नका, पण नाव डॉक्टरांना सांगा. लॅसिक्स आणि अमिकासिन ही जोडी कानांना वाईट.

कानांकडे वळते. शेजारच्या काकांना मिळालं ते बहुधा स्ट्रेप्टोमायसिन असणार. १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात मातीतल्या जंतूपासून ते मिळालं आणि टीबीवर पहिल्यांदा खरा इलाज सापडला. अमिकासिन त्याच घराण्यातलं : १९५७ साली जपानमध्ये उमेझावा या शास्त्रज्ञांना कानामायसिन सापडलं, पुढे सत्तरच्या दशकात त्यात फेरफार करून अमिकासिन बनवलं गेलं. टीबीच्या सुया महिनोन् महिने चालत, त्यामुळे कान आणि तोल दोन्ही जात. सात दिवसांत तो धोका कितीतरी कमी असतो, पण शून्य नसतो. आणि इथे एक फरक मनावर कोरून ठेवा. किडनीला झालेली इजा वेळीच औषध थांबवलं तर बहुतेकांची भरून येते. कानातल्या आतल्या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

अमिकासिन आधी उंच, बारीक आवाज खातं. घरातलं बोलणं नीट ऐकू येत असतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्याकडे एक निवृत्त एसटी कंडक्टर आले होते. दुसरीकडे दोन आठवडे हेच इंजेक्शन घेतलेलं, सोबत लॅसिक्स. कानात शिट्टी वाजायला लागली ती पहिल्याच आठवड्यात, पण वयामुळे असेल म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि त्यांना कुणी विचारलंही नाही. आज ते नातवंडांशी बोलताना ओठांकडे बघतात. म्हणून हे इंजेक्शन चालू असलेल्या माणसाला रोज विचारा : कानात शिट्टी, गुणगुण, दडा? घड्याळाची टिकटिक येते का? उठताना तोल जातो का? एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं तर पुढचं इंजेक्शन डॉक्टरांशी बोलल्याशिवाय द्यायचं नाही. इंजेक्शनं संपल्यावरही (म्हणजे अण्णांना आत्ताही) दोन-तीन आठवडे विचारत राहा, कारण त्रास उशिरानेही सुरू होतो. लघवी भरपूर होतेय म्हणून किडनी ठीक, असंही धरून चालू नका. या औषधाने बिघडलेल्या किडनीतून लघवी पुष्कळदा नेहमीइतकीच होते, बिघाड कळतो तो रक्ताच्या तपासणीतच. कोर्स चालू असताना दर दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन करावं.

ताप उतरल्यावर सोडण्याबद्दल : आपणहून सोडू नये, आणि आपणहून वाढवूही नये. बरं वाटतंय म्हणून ‘अजून तीन देऊन टाकू’ असं सुचवणारे भेटतात. किडनीची इजा साधारण पाच-सात दिवसांनंतरच डोकं वर काढते, तेव्हा ते तीन दिवस फुकटचे नसतात. उरलेल्या बाटल्या मेडिकलवाल्याला परत करा. पुढच्या तापासाठी कपाटात ठेवू नका.

प्रश्न : माझ्या आईला आणि मामाला लहानपणी तापात सुया दिल्यानंतर बहिरेपण आलं, असं आजी सांगते. मी सध्या सहा महिन्यांची गरोदर आहे. याचा बाळाशी काही संबंध आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : असू शकतो, आणि तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत. काही घरांमध्ये मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांत, एक जनुकीय बदल असतो (त्यांच्या डीएनएत १५५५ क्रमांकाच्या जागी). अशा माणसाला अमिकासिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन यांच्या अगदी योग्य डोसनेही, कधी एकाच इंजेक्शनने, कायमचं बहिरेपण येऊ शकतं. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात. तुमच्या आजीकडून आई आणि मामाकडे, आईकडून तुमच्याकडे आणि तुमच्याकडून बाळाकडे, असा तो मार्ग आहे. मामाच्या मुलांना हा धोका नाही. युरोपातल्या लोकांत साधारण ५०० पैकी एकात हा बदल सापडतो.

बाळासाठी हे महत्त्वाचं, कारण नवजात बाळाला संसर्गाची शंका आली की पहिल्या तासात दिल्या जाणाऱ्या औषधांत जेंटामायसिन किंवा अमिकासिन हमखास असतं. मँचेस्टरमध्ये गालाच्या आतून बोळा फिरवून सुमारे २६ मिनिटांत हा बदल शोधणारी चाचणी नवजात विभागात वापरून पाहिली आहे. तशी सोय जवळ नसली तरी अडत नाही. तुमच्या रक्ताची जनुकीय तपासणी आत्ताच करून घेता येते, बाळंतपणाला अजून तीन महिने आहेत. ज्या डॉक्टरांकडे नाव घातलंय त्यांना पुढच्या तपासणीच्या वेळी सांगा. गरोदरपणात तुम्हाला स्वतःलाही ही औषधं दुसरा पर्याय असताना नकोत. आणि तपासणीचं उत्तर यायच्या आधीच तुमच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून घ्या : ‘आईच्या बाजूला इंजेक्शनने बहिरेपण. बाळाला जेंटामायसिन, अमिकासिन देण्याआधी विचारावे.’ बाळंतपणाच्या रात्री ड्यूटीवर कोण असेल ते आपल्या हातात नसतं, म्हणून सोबत येणाऱ्या सासूबाईंना आणि नवऱ्यालाही हे वाक्य पाठ करायला सांगा.